पिस्तुलाचा बोअर बदलता येतो का? गडचिरोलीतल्या ५४ हत्यारांमागचं काडतुसांचं गणित

१५ ऑक्टोबर २०२५. गडचिरोलीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यासमोर माओवाद्यांचा पॉलिट ब्युरो सदस्य मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने ६० साथीदारांसह शस्त्रं खाली ठेवली. ५४ हत्यारं जमा झाली. त्यात ७ एके-४७ आणि ९ इन्सास रायफली होत्या. टीव्हीवर दिवसभर तेच फोटो फिरत होते आणि व्हॉट्सअॅपवर तर त्याहून जास्त.

फोटोत बंदुका दिसतात. पण जंगलात बंदूक सांभाळणाऱ्याची खरी काळजी बंदुकीची नसते, ती काडतुसांची असते. एके-४७ मध्ये इन्सासचं काडतूस चालत नाही. इन्सासमध्ये एसएलआरचं चालत नाही. एसएलआरमध्ये जुन्या .३०३ चं चालत नाही. म्हणजे एकाच दलमकडे चार प्रकारच्या बंदुका असतील, तर चार प्रकारचा दारूगोळा मिळवायचा, वाहायचा, पावसाळ्यात कोरडा ठेवायचा.

मग प्रश्न येतो की, हातात असलेल्या हत्याराचाच बोअर बदलून, मिळेल त्या काडतुसाला ते जुळवून घेता येत नाही का? विशेषतः पिस्तुलाचा? इंटरनेटवर परदेशातले असे भरपूर व्हिडिओ आहेत. नळी काढली, दुसरी बसवली, झालं. भारतात मात्र या प्रश्नाचं उत्तर कायद्याच्या पुस्तकात आहे, आणि ते उत्तर किमान सात वर्षांच्या तुरुंगवासापर्यंत जातं. ते असं का, हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागतं.

आधी बोअर म्हणजे काय?

बोअर किंवा कॅलिबर म्हणजे ढोबळमानाने नळीच्या आतल्या पोकळीचा व्यास. तो कधी मिलिमीटरमध्ये सांगतात, कधी इंचाच्या भागात. ९ एमएम म्हणजे नऊ मिलिमीटर. .३२ म्हणजे इंचाचा साधारण एक तृतीयांश.

बारा बोअरची गोष्ट मात्र वेगळी. एक पौंड शिशाच्या सारख्या १२ गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत बसेल ती बारा बोअर. म्हणून बारा बोअरची नळी वीस बोअरपेक्षा मोठी. आकडा वाढला की नळी लहान होते. गावात ज्यांच्या घरी जुनी परवान्याची बंदूक आहे त्यांना हे माहीत असतं, बाकीच्यांचा इथेच घोळ होतो.

दुसरा घोळ नावांचा. एके-४७ ही ७.६२ एमएम आणि एसएलआरही ७.६२ एमएम. बातमीत दोन्ही आकडे सारखेच येतात, त्यामुळे दोघींना एकच काडतूस चालतं असं वाटतं. प्रत्यक्षात एकीच्या काडतुसाची पुंगळी ३९ मिलिमीटर लांब, दुसरीची ५१. एकमेकींत बसतच नाहीत. त्याच्या उलट, बातमीत कधी '७.६५ एमएम पिस्तूल' येतं आणि कधी '.३२ बोअर पिस्तूल'. ही दोन वेगळी हत्यारं वाटतात, पण बहुतेक वेळा काडतूस एकच असतं. अमेरिकन संशोधक जॉन ब्राउनिंग यांनी १८९९ च्या सुमारास ते आणलं. युरोपने त्याला ७.६५ म्हटलं, अमेरिकेने .३२. आणि सरकारी कारखान्यातलं .३२ रिव्हॉल्व्हर? त्याचं काडतूस पुन्हा निराळं. नाव सारखं असून ते .३२ पिस्तुलासाठी नसतं.

म्हणजे नुसत्या आकड्यावर जाऊन काही कळत नाही. महत्त्वाचं असतं ते काडतूस ज्या खोबणीत बसतं ती जागा. तिला चेंबर म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, कारण आपला कायदाही शेवटी तिथेच बोट ठेवतो.

बदलता येतो का?

तांत्रिक उत्तर: काही पिस्तुलांचा येतो, काहींचा नाही, आणि जिथे येतो तिथे ते काम उत्पादकाचं आहे.

सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल म्हणजे प्रत्येक वेळी चाप ओढल्यावर एक गोळी सुटते आणि त्याच गोळीच्या धक्क्यावर पुढचं काडतूस आपोआप चढतं. हे सगळं यंत्र त्या एका काडतुसाच्या ताकदीवर बेतलेलं असतं. स्प्रिंग किती कडक, वरचा सरकणारा भाग किती जड, मॅगझीनचा कोन किती, रिकामी पुंगळी खेचून काढणारा आकडा केवढा, हे सारं. अमेरिकेत किंवा युरोपात काही कंपन्या एकाच सांगाड्यावर दोन कॅलिबर चालतील अशी पिस्तुलं मुळातच तशी बनवतात. सरावासाठी स्वस्त .२२ काडतूस वापरता यावं म्हणून जुळणारा संच विकतात. तो संच कारखान्यात चाचणी होऊन येतो.

घरी किंवा गल्लीतल्या लेथवर केलेला बदल ही वेगळी गोष्ट. ९ एमएमच्या गोळीची ऊर्जा .३२ पिस्तुलाच्या गोळीच्या साधारण अडीच-तीन पट असते. हलक्या काडतुसासाठी बनलेल्या पिस्तुलात ताकदवान काडतूस घुसवलं, तर ते पिस्तूल समोरच्यापेक्षा हातात धरणाऱ्यालाच जास्त धोकादायक ठरतं.

याचा मोठा दाखला भारताच्याच इतिहासात आहे. १९६२ च्या चीन युद्धानंतर इशापूरच्या रायफल कारखान्याने जुन्या .३०३ रायफलच्याच रचनेवर ७.६२ एमएमची रायफल बनवायला घेतली. वरून पाहणाऱ्याला दोन्ही बहिणी वाटाव्यात. पण नवं काडतूस जास्त दाबाचं होतं, म्हणून पोलाद बदलावं लागलं, मॅगझीन बदलावं लागलं. जुन्या रायफलींना नवी नळी लावून भागलं नाही, रायफली नव्यानेच घडवाव्या लागल्या. देशाच्या सरकारी कारखान्याला जे काम सोपं गेलं नाही, ते यूट्यूबवर तीन मिनिटांत होतं, हे जरा सावधपणेच घ्यायला हवं.

बोअर बदलण्याचा खेळ इंग्रजांनी सुरू केला

गंमत अशी की भारतात बोअर बदलण्याचं मोठं काम गुन्हेगारांनी नाही, सरकारने केलं. आणि कारण होतं भीती.

१८५७ नंतर इंग्रजांच्या मनात एक गोष्ट पक्की होती: लष्कराचा दारूगोळा जनतेच्या बंदुकीत चालता कामा नये. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी .४५० बोअरच्या रायफलींवर भारतात आणि सुदानमध्ये बंदी आणली. त्या वेळी वाघ-गव्याच्या शिकारीसाठी साहेबलोक आणि संस्थानिक हीच जड रायफल वापरत. पण जुन्या मार्टिनी-हेन्री या लष्करी रायफलीचा बोअरही तोच होता. बंडखोरांना गोळ्या मिळतील या धास्तीने बंदी आली. लंडनच्या बंदूककारांनी मग काय केलं? .४६५, .४७० अशी नवी मापं काढली. आज जुन्या शिकारकथांमध्ये ही विचित्र मापं भेटतात, त्यामागे भारतातला हा एक सरकारी हुकूम आहे.

पोलिसांच्या बाबतीत तर आणखी पुढची पायरी. लष्कराची .३०३ रायफल भारतीय शिपायाच्या हाती द्यायची, पण तो उलटला किंवा रायफल चोरीला गेली तर? म्हणून इशापूरमध्ये हजारो .३०३ रायफलींच्या नळ्या आतून मोठ्या आणि गुळगुळीत करून त्यांचं .४१० मस्केट बनवलं गेलं. बऱ्याच मस्केटांमध्ये मॅगझीनच्या जागी लाकडी ठोकळा बसवला, म्हणजे एका वेळी एकच गोळी. दिसायला रायफल, पण लष्कराचं काडतूस तिच्या कामाचं नाही आणि तिचं काडतूस लष्कराच्या रायफलीत चालणार नाही. जमावावर चालवण्यापुरती ठीक, बंडाला निरुपयोगी.

आणि नागरिकांसाठी? .३०३ बंद, म्हणून त्याच पद्धतीची पण .३१५ काडतूस घेणारी रायफल आली. ही .३१५ स्पोर्टिंग रायफल सरकारी कारखान्याने स्वातंत्र्यानंतरही बनवली आणि परवानाधारकांना विकली. उत्तर प्रदेशातल्या गुन्ह्यांच्या बातम्यांमध्ये सतत '३१५ बोअरचा कट्टा' येतो, त्याचं मूळ इथे आहे. कट्टा बनवणारा कुठलं माप निवडतो? ज्याचं काडतूस बाजारात फिरतं ते. परवान्यावर .३१५ ची काडतुसं विकली जातात, त्यातली काही बाहेर झिरपतात, आणि गावठी हत्यार त्या मापाचं घडतं.

महाराष्ट्रात पकडल्या जाणाऱ्या पिस्तुलांचं ७.६५ हे माप बातम्यांत वारंवार दिसतं, तेही याच तर्काने. मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्यातलं उमरटी हे गाव अशा पिस्तुलांसाठी कुप्रसिद्ध आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे पोलिसांनी तिथे जाऊन भट्ट्या उद्ध्वस्त केल्या होत्या. .३२ हे भारतात सामान्य माणसाला परवान्यावर मिळणारं पिस्तुलाचं नेहमीचं माप आहे. कायदेशीर बाजाराने जे माप ठरवलं, तेच बेकायदा बाजाराने उचललं. इंग्रजांचा हिशेब असा होता की माप वेगळं ठेवलं की हत्यार ताब्यात राहील. शंभर वर्षांनी तो हिशेब अर्धाच खरा ठरलेला दिसतो: लष्कराचा दारूगोळा बऱ्यापैकी वेगळा राहिला, पण नागरी मापाभोवती अख्खा काळा बाजार उभा राहिला.

आजचा कायदा काय म्हणतो?

स्वतंत्र भारताने १९५९ मध्ये शस्त्र अधिनियम केला, पण मापांची जुनी विभागणी तशीच ठेवली. २०१६ च्या शस्त्र नियमांतल्या पहिल्या अनुसूचीत हत्यारांचे वर्ग आहेत. पहिला वर्ग प्रतिबंधित. त्यात .३०३ किंवा ७.६२ चं लष्करी काडतूस 'घेऊ शकणाऱ्या' रायफली येतात, .४१० मस्केट येतात आणि लष्करी ९ एमएम काडतूस घेऊ शकणारी कुठल्याही बोअरची पिस्तुलंही येतात. बोअर काहीही लिहिलेला असो, लष्करी काडतूस आत बसून उडत असेल तर ते हत्यार प्रतिबंधित. चेंबर हा शब्द लक्षात ठेवायला सांगितला तो यासाठी.

साध्या .३२ पिस्तुलाचा परवाना जिल्हादंडाधिकारी देतात, आयुक्तालय असेल तिथे पोलीस आयुक्त. प्रतिबंधित बोअरची परवानगी थेट केंद्रीय गृह मंत्रालयाकडे.

आता समजा, चंद्रपुरातल्या एखाद्या परवानाधारकाने आपलं .३२ पिस्तूल कुणाकडून तरी ९ एमएमचं करून घेतलं. तो म्हणेल, पिस्तूल तेच, नंबर तोच, परवाना माझ्या नावावर, बदलली ती फक्त नळी. कायदा हे असं पाहत नाही. शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ मध्ये हत्यार बनवणं, विकणं, दुरुस्त करणं, चाचणी घेणं यांच्या रांगेतच हत्यारात 'रूपांतर करणं' बसवलेलं आहे आणि त्याला वेगळा परवाना लागतो. घरात पिस्तूल ठेवण्याचा परवाना त्यासाठी चालत नाही.

डिसेंबर २०१९ मध्ये कायदा बदलला, तेव्हा ही गोष्ट आणखी स्पष्ट झाली. तोपर्यंत कलम ६ मध्ये दोनच गोष्टी होत्या: बंदुकीची नळी आखूड करणं आणि खोट्या बंदुकीची खरी बंदूक करणं. दुरुस्तीने तिसरी जोडली. २०१६ च्या नियमांतल्या एका वर्गातलं हत्यार दुसऱ्या वर्गात नेणं. .३२ चं ९ एमएम करणं म्हणजे नेमकं हेच, साध्या वर्गातून थेट प्रतिबंधित वर्गात उडी. आणि बोअर बदलूनही हत्यार त्याच वर्गात राहिलं तर? कलम ५ आहेच.

शिक्षा? विनापरवाना रूपांतराला आता किमान ७ वर्षं, कमाल जन्मठेप. प्रतिबंधित हत्यार नुसतं जवळ बाळगलं तरी ७ ते १४ वर्षं. तुलनेसाठी, साधं हत्यार विनापरवाना बाळगलं तर सर्वसाधारणपणे २ ते ५ वर्षं. म्हणजे मिलिमीटर-दीड मिलिमीटरच्या फरकाने आरोपीचं आयुष्य कुठल्या कुठे जातं.

महाराष्ट्राला याचा जुना अनुभव आहे. अभिनेता संजय दत्तवर एके-५६ रायफल आणि ९ एमएम पिस्तूल बाळगल्याचा आरोप सिद्ध झाला होता. मार्च २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा सहा वर्षांवरून पाच वर्षं केली. तेव्हा अनेकांनी विचारलं, पाचच का, आणखी कमी का नाही? कारण प्रतिबंधित हत्यारासाठी त्या वेळी कायद्यातली किमान शिक्षाच पाच वर्षं होती. तेच प्रकरण २०१९ नंतर घडलं असतं तर खालची पायरी सात वर्षांची असती.

मग गडचिरोलीत इतकी लष्करी हत्यारं आली कुठून?

बोअर बदलून नक्कीच नाही. बऱ्याच अंशी ती लुटून आली. २००९ हे गडचिरोली पोलिसांसाठी सगळ्यात काळं वर्ष. १ फेब्रुवारीला मरकेगावात १५ पोलीस शहीद झाले, २१ मे रोजी हत्तीगोटात १६ आणि ८ ऑक्टोबरला लाहेरीत १७. अशा हल्ल्यांनंतर माओवादी शहिदांच्या रायफली आणि मॅगझीन घेऊन जात. बंदूक आणि तिचं काडतूस एकाच ठिकाणाहून मिळत होतं, त्यामुळे बोअर जुळवण्याची गरजच पडत नव्हती.

पुढे सी-६० ची पकड घट्ट होत गेली तसा हा पुरवठा आटला. जप्तीच्या याद्या पाहिल्या तर ते दिसतं. १३ नोव्हेंबर २०२१ च्या मर्दिनटोला चकमकीत २६ नक्षलवादी मारले गेल्यानंतर पोलिसांना २९ हत्यारं मिळाली. त्यात एके मालिकेतल्या ६ आणि एसएलआर ९, पण त्याच ढिगात .३०३ च्या ३ आणि एका नळीच्या साध्या बंदुकाही ९. सेंट्रल कमिटीचा सदस्य मिलिंद तेलतुंबडे ज्या तुकडीत होता तिचीही ही अवस्था होती. तीन-चार प्रकारची काडतुसं एकाच वेळी वाहणारी फौज होती ती. पिस्तूल फक्त एक.

हा एकचा आकडा महत्त्वाचा आहे. जंगलातल्या लढाईत पिस्तुलाला फारसं काम नसतं. ते शहराचं आणि जवळून मारायचं हत्यार. त्यामुळे बोअर बदललेल्या पिस्तुलाची भीती भामरागडपेक्षा चंद्रपूर, बल्लारपूर, राजुरा या कोळसा पट्ट्यात जास्त वास्तव आहे, जिथे गेल्या काही वर्षांत टोळीयुद्धाचे आणि गोळीबाराचे प्रकार घडले आहेत.

लुटीच्या हत्यारांसाठीही २०१९ च्या दुरुस्तीत स्वतंत्र तरतूद आली. पोलीस किंवा सशस्त्र दलाकडून बळाने हत्यार हिसकावलं, तर किमान १० वर्षं, कमाल जन्मठेप.

तपास यंत्रणांचा एक वेगळा मुद्दा आहे. गोळी नळीतून जाताना तिच्यावर त्या नळीचे ओरखडे उमटतात. पुंगळीच्या बुडावर पिनेची खूण राहते. न्यायसहायक प्रयोगशाळा यावरूनच सांगते की ही गोळी याच पिस्तुलातून सुटली. नळी बदलली की हा दुवा कमजोर होतो. सुटे भागही कायद्याच्या कक्षेत आणले जातात आणि रूपांतराला उत्पादनाइतकीच शिक्षा आहे, त्यामागचं हे एक व्यवहारी कारण.

आणि भरमार?

या सगळ्या आकडेमोडीत एक हत्यार कुठल्याच मापात बसत नाही. भरमार. तोंडाकडून दारू आणि छर्रे ठासून भरायची, गजाने दाबायचं, मग उडवायची. गडचिरोलीच्या गावांमध्ये शिकारीसाठी आणि पिकात शिरणारी रानडुकरं हाकलण्यासाठी ती पिढ्यान्‌पिढ्या घरात होती. तिला काडतूसच लागत नाही, म्हणून तिच्यात बोअरचा प्रश्नच नाही. कारखान्याचा शिक्का नाही, नंबर नाही, बहुतेक वेळा परवानाही नाही.

पण विनापरवाना बंदूक ती विनापरवाना बंदूक. रानडुकरासाठी ठेवलेली भरमार सापडली तरी गुन्हा शस्त्र अधिनियमाखालीच नोंदवला जातो, आणि २०१९ नंतर साध्या हत्याराचीही किमान शिक्षा एक वर्षावरून दोन वर्षं झाली आहे. शिवाय माओवादी गावकऱ्यांच्या भरमार वापरत किंवा काढून घेत, त्यामुळे ती घरात असणं दोन्ही बाजूंनी संकटाचं होतं. गडचिरोली पोलिसांच्या आवाहनानंतर गेल्या काही वर्षांत अनेक गावांनी आपल्या भरमार स्वतःहून जमा केल्या. त्या बातम्यांना भूपतीच्या शरणागतीइतके कॅमेरे मिळाले नाहीत.

शस्त्रं खाली ठेवणाऱ्या माओवाद्याला पुनर्वसन योजनेत हत्याराच्या प्रकारानुसार रक्कम मिळते. एके-४७ ची वेगळी, .३०३ ची वेगळी, पिस्तुलाची वेगळी. म्हणजे बोअरचा आकडा तिथेही कामाला येतो. भरमार देणाऱ्या शेतकऱ्याचा प्रश्न मात्र तसाच राहतो. बंदूक गेली, डुकरं आहेत तिथेच आहेत, आणि धानाच्या बांधावर रात्री राखण त्यालाच करायची आहे.